उत्प्रेरकी स्थानांचे अवरक्त वर्णपटविज्ञान

घन उत्प्रेरकाच्या (विक्रियेचा वेग वाढवून स्वतः अखेरीस मूळ स्वरूपात राहणाऱ्या पदार्थाच्या) पृष्ठभागावर अथवा त्याच्या रंध्रांत ज्या ठिकाणी रेणू बांधला जाऊन त्याच्यात रासायनिक बदल घडून येतो, त्या ठिकाणास क्रियाशील स्थान म्हणतात. अशा स्थानांचे स्वरूप, संख्या व बल ही ठरविण्यासाठी तेथे बांधल्या गेलेल्या रेणूंच्या कंपनांचा अवरक्त प्रारणांच्या (दृश्य वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य प्रारणांच्या) साहाय्याने जो अभ्यास करतात, त्याचा विकास मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. प्रथम ऑक्साइडांवर विखुरलेले धातू, नंतर झिओलाइटे आणि अलीकडे धातू–कार्बनी चौकटी हे या अभ्यासाचे क्रमाने विषय झाले. महाराष्ट्रात या विषयाचे कार्य मुंबईच्या उपनगरांत तुर्भे (ट्रॉम्बे) व पवई येथे आणि पुणे येथे झाले आहे.

तत्त्व : रेणूतील अणू स्थिर नसून ते परस्परसापेक्ष सतत कंप पावत असतात. कंपनाची कंप्रता अणूंच्या वस्तुमानावर आणि त्यांच्यातील बंधाच्या बळकटपणावर अवलंबून असते. कंपनामुळे रेणूचे द्विध्रुव परिबल बदलत असेल, तर त्याच कंप्रतेचे अवरक्त प्रारण रेणू शोषून घेतो व वर्णपटात त्या जागी शोषण पट्ट दिसतो. पट्टाचे स्थान तरंगसंख्येने (एक सेंमी. लांबीत मावणाऱ्या तरंगांच्या संख्येने) दर्शवितात. रसायनशास्त्रात विशेष उपयोगी असलेला मध्य अवरक्त विभाग प्रति सेंमी. ४,००० ते ४०० तरंग, म्हणजे २·५ ते २५ मायक्रोमीटर तरंगलांबी, इतका आहे. पुढील विवेचनातील सर्व तरंगसंख्या प्रति सेंमी. दिलेल्या आहेत.

रेणू पृष्ठभागाला चिकटला म्हणजे त्यातील बंध थोडा बळकट वा दुबळा होतो आणि त्याचा पट्ट मूळ जागेवरून सरकतो. हे सरकणे हाच त्या स्थानाविषयीचा पुरावा होय. वायुरूप कार्बन मोनॉक्साइडाचे कंपन २,१४३ या ठिकाणी आढळते. इलेक्ट्रॉनांची उणीव असलेल्या धातूच्या धन आयनावर तो केवळ इलेक्ट्रॉनदाता म्हणून बांधला गेला, तर पट्ट या अंकाच्या वर जातो. याउलट धातूकडून रेणूला इलेक्ट्रॉन परत मिळत असतील, तर कार्बन व ऑक्सिजन यांच्यामधील बंध दुबळा होऊन पट्ट खाली येतो. या दुहेरी देवघेवीचे स्पष्टीकरण जी. ब्लायहोल्डर यांनी १९६४ मध्ये मांडले. ज्या रेणूचा असा उपयोग करतात त्याला शोधक रेणू म्हणता येईल. कार्बन मोनॉक्साइडाखेरीज अमोनिया, पिरिडीन, नायट्रिक ऑक्साइड व ॲसिटोनायट्राइल यांचाही शोधक रेणू म्हणून उपयोग करतात.

अवरक्त वर्णपटविज्ञानाचा आरंभ : सर विल्यम हर्शेल (१७३८–१८२२) यांनी १८०० मध्ये लोलकाने सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करून निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे प्रकाश दिसत नव्हता तेथे, पारा अधिक चढल्याचे त्यांना आढळले. इटालियन भौतिकीविज्ञ माचेदॉनिओ मेल्लोनी (१७९८–१८५४) यांनी सैंधव मीठ या प्रारणांना पारदर्शक असल्याचे दाखविले. पुढे शंभराहून अधिक वर्षे अवरक्त उपकरणांतील लोलक व गवाक्षे याच पदार्थाची केली जात. डब्ल्यू. अ‍ॅब्नी व ई. आर्. फेस्टिंग यांनी १८८१ मध्ये कार्बनी द्रवांच्या निकट अवरक्त वर्णपटांची छायाचित्रे घेऊन अणूंच्या विशिष्ट गटांशी विशिष्ट शोषणाचा संबंध जोडला. अमेरिकन शास्त्रज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. कोब्लेंट्स (१८७३–१९६२) यांनी अनेक संयुगांचे वर्णपट मोजून १९०५ मध्ये ते प्रसिद्ध केले. तथापि ही मोजणी अतिशय वेळखाऊ असल्याने ती फार थोड्या प्रयोगशाळांपुरती मर्यादित राहिली. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबर व खनिज तेल यांच्या पृथक्करणासाठी जलद पद्धतीची निकड भासली आणि बेकमन व पर्किन–एल्मर या अमेरिकन कंपन्यांची उपकरणे तयार झाली. त्यानंतर अवरक्त वर्णपटमापक हे रासायनिक प्रयोगशाळेचे नित्याचे साधन बनले.

क्रियाशील स्थानाची कल्पना : उत्प्रेरकाचा सर्व पृष्ठभाग सारखाच कार्यक्षम असतो की त्यातील काही थोडी ठिकाणेच काम करतात, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. एच्. एस्. टेलर (१८९०–१९७४) यांनी १९२५ मध्ये असे प्रतिपादन केले की, पृष्ठभागावरील अणूंपैकी अल्पसंख्य अणू, विशेषतः ज्यांचे शेजारी अणूंशी असलेले बंध अपुरे आहेत असे, विक्रियेला कारणीभूत होतात. पृष्ठभाग पूर्णपणे झाकण्यास लागेल त्याहून कितीतरी कमी विषद्रव्याने (उत्प्रेरकास निकामी करणाऱ्या द्रव्याने) उत्प्रेरक बंद पडतो, हा अनुभव या कल्पनेस पोषक होता.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. अमोनियाच्या संश्लेषणातील लोह उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड व पाण्याची वाफ यांच्या अल्पांशानेही दुर्बल होतो, म्हणून वायूंचे शुद्धीकरण हा खत कारखान्यातील खर्चाचा मोठा भाग असतो. खनिज तेलाच्या भंजनात (मोठ्या रेणूंचे लहान रेणूंत तुकडे करण्याच्या क्रियेत) घन अम्ल उत्प्रेरकावर कार्बनाचा थर साचून त्याची स्थाने झाकली जातात. तुर्भे–चेंबूर भागात १९५४ व १९५५ मध्ये दोन तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि पुढच्या दशकात तेथेच खत कारखानाही निघाला. त्यामुळे उत्प्रेरकाचे कार्य हा मुंबईच्या पूर्व उपनगरांत मोठ्या औद्योगिक महत्त्वाचा विषय झाला.

टेलर यांच्या कल्पनेची अडचण अशी होती की, ही स्थाने प्रत्यक्ष पाहण्याचे साधन उपलब्ध नव्हते. वायूचे किती आकारमान शोषले गेले हे मोजता येई. परंतु शोषलेला रेणू कोणत्या रूपात आहे याचा तर्कच करावा लागे.

अधिशोषित रेणूंचे वर्णपट : पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंच्या अवरक्त अभ्यासाचा पाया रशियन शास्त्रज्ञ ए. एन्. तेरेनिन (१८९६–१९६७) व त्यांचे सहकारी यांनी १९४० च्या सुमारास व त्यानंतर घातला. सच्छिद्र काचेच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांचा पट्ट, दुसरे रेणू तेथे बांधले गेले असता, कसा बदलतो हे त्यांनी दाखविले. धातूंच्या बाबतीत निर्णायक प्रयोग अमेरिकेतील आर्. पी. आयशेन्स, डब्ल्यू. ए. प्लिस्किन व एस्. ए. फ्रान्सिस यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. धातू स्वतः अवरक्त प्रारणांना अपारदर्शक असतो. म्हणून त्यांनी प्लॅटिनम, पॅलॅडियम, निकेल व तांबे यांचे अतिसूक्ष्म कण सिलिकेच्या बारीक चूर्णावर पसरविले व त्यांवर कार्बन मोनॉक्साइड सोडला. प्लॅटिनमावर पट्ट २,००० च्या वर मिळाला, तर पॅलॅडियमावर त्याखालील पट्ट ठळक होते. धातूंच्या ज्ञात कार्बोनिल संयुगांशी तुलना करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, पहिल्या प्रकारात रेणू एकाच अणूवर सरळ उभा असतो आणि दुसऱ्यात तो दोन अणूंना जोडणाऱ्या पुलासारखा असतो.

त्याच वर्षी जे. ई. मेप्स व आयशेन्स यांनी भंजन उत्प्रेरकावर अमोनिया सोडून त्याचे वर्णपट घेतले. काही अमोनियाचे अमोनियम आयनात रूपांतर झालेले होते, म्हणजे तेथे प्रोटॉन देणारी (ब्रन्स्टेड) अम्ल स्थाने होती. उरलेला अमोनिया ॲल्युमिनियमाशी सहसंबद्ध झालेला होता, म्हणजे तेथे इलेक्ट्रॉनयुग्म स्वीकारणारी (ल्यूइस) स्थाने होती. या दोन प्रकारच्या अम्लतांचे प्रमाण ठरविण्यासाठी १९६३ मध्ये ई. पी. पॅरी यांनी पिरिडीन वापरण्याची पद्धत दिली. १,५४० च्या सुमाराचा पट्ट ब्रन्स्टेड स्थानांचा व १,४५० च्या सुमाराचा ल्यूइस स्थानांचा, ही त्यांची खूण अद्यापही प्रमाण मानली जाते.

यानंतरची मोठी सुधारणा उपकरणांत झाली. मायकेलसन यांच्या व्यतिकरणमापकाने सर्व तरंगलांबींचे एकाच वेळी मापन करून गणिताने वर्णपट वेगळा काढण्याची कल्पना जुनी होती. परंतु तीत आकडेमोड प्रचंड असे. जे. डब्ल्यू. कूली व जे. डब्ल्यू. टूकी यांनी १९६५ मध्ये फूर्ये रूपांतराची जलद गणनपद्धती प्रसिद्ध केल्यावर आणि लहान संगणक उपलब्ध झाल्यावर ती व्यवहार्य ठरली. तासाचे काम मिनिटांत व पुढे सेकंदात होऊ लागल्याने, विक्रिया चालू असताना पट्ट कसे उगवतात व मावळतात हे पाहणे शक्य झाले.

मुंबई उपनगरांतील कार्य : तुर्भे येथील अणुऊर्जा आस्थापना १९५४ मध्ये स्थापन झाली व १९६७ मध्ये तिला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. वर्णपटविज्ञान हा तेथील आरंभीच्या संशोधन शाखांपैकी एक होय. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ मध्ये सुरू झाली. तेथे केंद्र शासनाच्या साहाय्याने १९७६ मध्ये प्रादेशिक प्रगत उपकरण केंद्र स्थापन झाले. महागडे वर्णपटमापक प्रत्येक महाविद्यालयास घेणे शक्य नसल्याने, बाहेरील विद्यापीठे व उद्योग यांनाही नमुने तपासून देणारे असे सामाईक केंद्र असावे, हा त्यामागील हेतू होता. पवई व तुर्भे ही दोन्ही ठिकाणे १९९० मध्ये स्वतंत्र झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडतात.

क्रियाशील स्थानांच्या दृष्टीने भाभा अणुसंशोधन केंद्रातील एन्. एम्. गुप्ता, व्ही. एस्. कांबळे, आर्. एम्. अय्यर व त्यांचे सहकारी यांचे रूथेनियमावरील कार्य उल्लेखनीय आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे के. आर्. थंपी, जे. किवी व एम्. ग्रेट्सेल यांनी १९८७ मध्ये असे दाखविले होते की, टिटॅनियम डाय-ऑक्साइडावर विखुरलेल्या रूथेनियमाच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन यांपासून सामान्य तापमानास व वातावरणीय दाबास मिथेन मिळतो. ही विक्रिया सामान्यतः बऱ्याच उच्च तापमानास चालते. म्हणून या उत्प्रेरकात असे कोणते स्थान आहे, हा प्रश्न उभा राहिला. तुर्भे येथील गटाने थंपी व ग्रेट्सेल यांच्या सहकार्याने याच उत्प्रेरकावर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्या क्रियेत निर्माण होणाऱ्या अल्पजीवी घटकांचे फूर्ये रूपांतर पद्धतीने वर्णपट घेतले व ते १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढील वर्षी कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सह-अधिशोषणाचा अभ्यासही प्रसिद्ध झाला.

रूथेनियमावर कार्बन मोनॉक्साइडाचे पट्ट एकाहून अधिक ठिकाणी मिळतात. सु. २,१३५ व २,०७५ येथील जोडपट्ट, पूर्णपणे क्षपण न झालेल्या एकाच धात्वणूवर अनेक कार्बन मोनॉक्साइड रेणू बसल्याचे दर्शवितात, तर सु. २,०४० खालील पट्ट धातुरूप कणावर सरळ बसलेल्या एकेका रेणूचा असतो. यांपैकी मिथेनाकडे जाणारा घटक कोणता, हे केवळ पट्टाच्या तीव्रतेवरून ठरत नाही. त्यासाठी हायड्रोजन सोडल्यावर कोणता पट्ट किती वेगाने क्षीण होतो व त्याच वेगाने मिथेन वाढतो की नाही, हे पाहावे लागते. केंद्रातील संशोधकांनी पुढे झिओलाइटांच्या रंध्रांत अडकलेल्या बेंझीन रेणूंचाही अवरक्त अभ्यास करून, रंध्रांचे आकारमान व तेथील धन आयन यांचा रेणूंच्या हालचालीवर होणारा परिणाम तपासला.

पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) पॉल रत्नसामी व त्यांचे सहकारी यांनी झिओलाइटे व टिटॅनियमयुक्त सिलिकेटे यांवर दीर्घकाळ कार्य केले. टिटॅनियम सिलिकेटाच्या वर्णपटात ९६० च्या सुमारास मिळणारा पट्ट, टिटॅनियम स्फटिकाच्या चौकटीत शिरल्याची खूण म्हणून प्रसिद्ध आहे.

धातू–कार्बनी चौकटी : धातूचे आयन अथवा त्यांचे लहान समूह हे सांधे आणि कार्बनी रेणू हे दांडे मानून उभारलेल्या सच्छिद्र स्फटिकी संयुगांना धातू–कार्बनी चौकटी म्हणतात. ऑस्ट्रेलियातील रिचर्ड रॉबसन यांनी १९८९ मध्ये अशी रचना हेतुपूर्वक घडविता येते हे दाखविले. जपानमधील सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा चौकटीत वायू ये-जा करू शकतात हे सिद्ध केले. अमेरिकेतील ओमर यागी यांनी १९९५ मध्ये या वर्गाला त्याचे प्रचलित नाव दिले आणि १९९९ मध्ये जस्त व टेरेप्थॅलिक अम्ल यांपासून अत्यंत विस्तृत अंतर्गत पृष्ठाची चौकट तयार केली. या तिघांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

क्रियाशील स्थानांच्या अभ्यासकाला या संयुगांचे विशेष आकर्षण आहे. विखुरलेल्या धातूच्या कणांवर कडा, कोपरे व सपाट पृष्ठे असे अनेक प्रकारचे अणू असतात. स्फटिकी चौकटीत मात्र प्रत्येक सांधा तत्त्वतः दुसऱ्यासारखाच असतो आणि त्याची अणुरचना क्ष-किरणांनी आधीच ज्ञात झालेली असते. हाँगकाँग येथे १९९९ मध्ये तयार झालेली तांबे व ट्रायमेसिक अम्ल यांची चौकट हे याचे उत्तम उदाहरण होय. तिच्यात तांब्याचे दोन अणू चार कार्बॉक्सिलेट गटांनी जोडलेले असून प्रत्येक अणूच्या बाहेरील टोकाला पाण्याचा एक रेणू असतो. निर्वातात तापविल्यास हे पाणी निघून जाते, फिकट निळा स्फटिक गर्द निळा-जांभळा होतो आणि तांब्याची एक जागा मोकळी राहते. हीच मोकळी जागा ल्यूइस अम्ल स्थान होय. अशा चौकटीवर द्रव नायट्रोजनाच्या तापमानाच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड सोडला असता पट्ट सु. २,१७८ येथे मिळतो, म्हणजे वायुरूप रेणूच्या वर केवळ ३५ ने. रेणू येथे सैलपणे, इलेक्ट्रॉनदाता म्हणून बांधलेला असल्याचे यावरून कळते.

तथापि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत याच संयुगात २,१२० च्या आसपासही एक पट्ट आढळला. तो एकसंयुजी तांब्याचा, म्हणजे आदर्श रचनेत नसलेल्या दोषस्थानांचा होता. क्ष-किरण सर्व स्फटिकाची सरासरी रचना दाखवितात, त्यामुळे थोड्या संख्येने असलेले दोष त्यांना सहसा दिसत नाहीत. शोधक रेणू मात्र ते उघड करतो. झिर्कोनियमाच्या चौकटीतही (२००८) असेच आढळले. तिच्यात प्रत्येक धातुसमूहाला १२ दांडे अपेक्षित असताना काही दांडे गळालेले असतात आणि उत्प्रेरणाचे काम पुष्कळदा या गळालेल्या जागीच चालते. टेलर यांनी १९२५ मध्ये मांडलेली अपुऱ्या बंधांच्या अणूंची कल्पना अशा रीतीने नव्या पदार्थांत पुन्हा प्रत्ययास आली.

पुणे येथे राहुल बॅनर्जी व सहकारी यांनी २०१२ मध्ये धातुविरहित सहसंयुजी कार्बनी चौकटी अम्ले व क्षारके यांत टिकतील अशा घडविल्या. त्यांतील बंध अपेक्षेप्रमाणे एनॉल रूपात न राहता कीटो रूपात स्थिरावतात, याची खात्री करून घेण्यास अवरक्त वर्णपटांचे साहाय्य झाले.

अडचणी व मर्यादा : या पद्धतीतील सर्वांत मोठा अडथळा पाण्याचा होय. पाणी ३,४०० व १,६४० च्या सुमारास तीव्र शोषण करते, त्यामुळे त्याच भागातील दुबळे पट्ट झाकले जातात. ते क्रियाशील स्थानही अडविते. जस्ताच्या चौकटीसारख्या काही चौकटी तर दमट हवेत विघटन पावतात. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात पावसाळ्यात ही अडचण विशेष जाणवते. सोडियम क्लोराइड व पोटॅशियम ब्रोमाइड यांची गवाक्षे ओलाव्याने धुरकट होतात. पोटॅशियम ब्रोमाइडात मिसळून चकती करण्याची रूढ पद्धतही येथे उपयोगी पडत नाही, कारण ते लवण पाणी बरोबर आणते व त्याचे आयन नमुन्यातील आयनांची जागा घेऊ शकतात. म्हणून नमुना एकटाच दाबून पातळ पापुद्रा करतात, तो बंद कुपीत निर्वातात तापवितात आणि त्याच कुपीत, हवा लागू न देता, त्याचा वर्णपट घेतात.

दुसरी मर्यादा अर्थनिर्णयाची आहे. जो घटक ठळक दिसतो तोच काम करतो असे नाही. रूथेनियम व ॲल्युमिना यांच्या उत्प्रेरकावर मिथेन तयार होत असताना फॉर्मेट गटाचे पट्ट ठळक दिसत, म्हणून फॉर्मेट हा विक्रियेतील टप्पा मानला जाई. आर्. ए. डॅला बेट्टा व एम्. शेलेफ यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, हा फॉर्मेट ॲल्युमिनेवर नुसता साचलेला असून त्याचा मिथेनाच्या निर्मितीशी संबंध नाही. असा घटक केवळ प्रेक्षक ठरतो. खरा कार्यकारी घटक बहुधा अल्पजीवी व अल्पसंख्य असल्याने त्याचा पट्ट दुबळा असतो. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी समस्थानिकांचा उपयोग करतात. कार्बनाचा १३ अणुभाराचा समस्थानिक वापरल्यास कार्बन मोनॉक्साइडाचा पट्ट २,१४३ वरून २,०९६ वर येतो. चालू विक्रियेत वायू अचानक बदलून कोणता पट्ट उत्पादिताच्या वेगानेच सरकतो हे पाहिले, म्हणजे प्रेक्षक व कार्यकारी घटक वेगळे करता येतात. विक्रियेचे उत्पन्न व वर्णपट एकाच वेळी मोजण्याची ही रीत एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून सर्वत्र रूढ झाली आहे.

उपयोग : कार्बन डाय-ऑक्साइड पकडून त्याचे उपयुक्त पदार्थांत रूपांतर करणे, हे या संशोधनाचे आजचे प्रमुख उद्दिष्ट आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने यासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन करण्यात आले. कार्बन डाय-ऑक्साइडाचा २,३४९ येथील पट्ट अतिशय तीव्र असल्याने तो चौकटीत सैल अडकला आहे की अमाइन गटाशी संयोग पावून त्याचे कार्बामेट झाले आहे, हे अवरक्त वर्णपटावरून ओळखता येते. पहिल्या प्रकारात थोड्या उष्णतेने वायू परत मिळतो. दुसऱ्यात अधिक ऊर्जा खर्ची पडते. मात्र कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या वायूत पाण्याची वाफ नेहमीच असते. कोरड्या वायूत मोजलेली स्थानांची क्षमता ओल्या वायूत कितपत टिकते यावरच चौकटीची व्यावहारिक उपयुक्तता ठरते. म्हणून अशा मोजणीत वाफेची उपस्थिती विचारात घेणे आवश्यक ठरते.